कस्तुरीचं कानडी

"स्वयंपाकघरात बैस, घेवडा निवड, आणि कान बाहेर ठेव," मी महादेवीला म्हणालो. "ती दोघं जे बोलतील ते सगळं मला नंतर मराठीत सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही."

महादेवी माझी मेहुणी. सकाळच्या गाडीनं मुधोळहून आली होती. 'अक्काला बरं नाही, चार दिवस येऊन जा' असं फोनवर सांगून मी तिला बोलावलं होतं. खरं कारण ती आल्यावर सांगितलं, तेही कस्तुरी आतल्या खोलीत झोपली आहे हे दोनदा बघून.

महादेवीनं घेवड्याचं ताट मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे टक लावून बघितलं.

"दाजी, ह्या वयात?"

"कुणाच्या वयात? माझ्या का तिच्या?"

"त्या समोरच्या मगदूम सरांच्या म्हणते मी. सत्तरी गाठली असंल की हो त्यांनी!"

"सत्तरीला काय होतंय? दात सगळे शाबूत आहेत त्याचे."

ती हसायला लागली. मी हसलो नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस चेष्टा करत नाही. तिनं पदर खोचला आणि मुकाट्यानं शेंगा मोडायला लागली.

मी मूळचा कोरेगावकडचा. एस.टी.त लागलो आणि शेवटची सगळी वर्षं जयसिंगपूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. चिकोडी, निपाणी, अथणी, जमखंडी, सगळ्या गाड्या माझ्या तोंडातनं सुटायच्या. गावांची नावं सोडली तर कानडी मला एवढंसुद्धा येत नव्हतं. बायको मात्र मुधोळची. जातीनं मराठाच, पण त्या भागात घरातलं बोलणंसुद्धा सगळं कानडी. लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या मराठीला असा काही हेल होता, की आमच्या आईनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, "सूनबाई, ते कानडी आता माहेरी ठेवून यायचं." कस्तुरीनं ठेवून दिलं. इतकं ठेवून दिलं, की पुढं महादेवी आली तरी दोघी बहिणी माझ्यासमोर मराठीत बोलायच्या.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी समोरच्या घरात बाहुबली मगदूम राहायला आले. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेली. बायको वारलेली, मुली सासरी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, केस अजून दाट. पहिल्याच दिवशी कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांनी कस्तुरीला काहीतरी विचारलं, आणि तिनं कानडीत उत्तर दिलं.

मी आत पेपर वाचत होतो. आवाज माझ्या बायकोचा होता, पण ती बाई माझ्या ओळखीची नव्हती. ही बाई भरभर बोलत होती, मध्येच सूर चढवत होती, कुणाची तरी नक्कल करत होती. माझ्याशी बोलताना कस्तुरी शब्द मोजून वापरायची. मला वाटायचं, स्वभावच तसा. त्या दिवशी कळलं, की स्वभाव तसा नव्हता.

तेव्हा जी ठिणगी पडली ती विझली नाही. तरी एक आधार होता. ती त्यांना 'अण्णा' म्हणायची. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, एवढं मलाही कळत होतं.

मधुमेह तिला बऱ्याच वर्षांपासून होता. रोज सकाळी तिचं बोट टोचून मशीनवर साखर बघायचं काम माझं. पुढं पायावर सूज यायला लागली, पोट फुगायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, लिव्हर आकसलंय. "दारू घेतात का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा कस्तुरी एवढी लाजली, की जणू मीच तिला चोरून पाजत होतो. मीठ कमी झालं, गोळ्या वाढल्या. बरं चाललं होतं.

मग त्या उन्हाळ्यात ती बदलली.

दिवसभर झोपायला लागली. मी हाक मारली की "हं" म्हणायची आणि कूस बदलायची. दुपारी मगदूम चहाला आले की मात्र उठून बसायची. त्यांच्यासमोर बसली की चेहरा उजळायचा. एकदा कुंकू अर्ध्या कपाळावर लावून बाहेर आली. एकदा त्यांच्या चहात साखर घातली, पुन्हा घातली, आणि मला बिनदुधाचाच कप आणून दिला. बोलताना तिचे हात हलायचे, मनगटातनं, पाखरानं पंख झाडावेत तसे. सोळा वर्षांच्या मुलीसारखी लाजते ही, असं माझ्या मनात आलं. माझ्यासमोर ते हात असे कधी हलले नव्हते.

आणि ती मराठी बोलेनाशी झाली. मी विचारावं, "औषध घेतलंस?" आणि तिनं कानडीत काहीतरी पुटपुटावं. मी म्हणावं, "मला कळत नाही," तर तिनं माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघावं. मग मगदूम यावेत, आणि दोघांचं बोलणं सुरू व्हावं. तेही तिच्याशी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं गोडीनं बोलायचे. मी मध्ये खुर्ची टाकून बसायचो, आणि दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघायचो.

एके दिवशी माझ्या ध्यानात आलं, की ती आता त्यांना अण्णा म्हणत नाही. मी मुद्दाम कान देऊन चारपाच दुपारी ऐकलं. तो शब्द गेला होता.

गल्लीतल्या डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं, की हिला झोप फार येते, आणि थोडं विसरायला होतं. ते म्हणाले, "शुगर वरखाली होत असणार." मीही मान हलवली. बाकीचं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून महादेवी.

त्या दुपारी मगदूम नेहमीसारखे आले. चप्पल बाहेर काढली, हातात केळी होती. कस्तुरी पलंगावर उठून बसली. मी "जरा दूध घेऊन येतो" म्हणून बाहेर पडलो आणि परसदारानं वळसा घालून स्वयंपाकघरात शिरलो. महादेवी दाराशी पाटावर बसली होती. बाहेरून कस्तुरीचा आवाज येत होता, मध्ये मगदूमांचा, मध्ये कस्तुरीचं हसणं. महादेवीच्या हातातली शेंग हातातच राहिली होती.

"काय म्हणते?" मी कानाशी जाऊन विचारलं.

तिनं हातानं मला थांबवलं. अजून ऐकलं. तिचा चेहरा उतरत चालला, तसा माझा जीव वर आला. म्हटलं, ठरलं, आपला संशय खरा.

"सांग की!"

"दाजी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते, "अक्का काहीच बोलत नाही हो."

"मी बहिरा आहे का? एवढी बोलते आहे ती."

"तसं नव्हं. शब्द हायत, बोलणं नाही. म्हैस व्याली म्हणते, मध्येच बाबांचा फेटा कुठाय विचारते, मध्येच म्हणते विहिरीत दिवा लावा. एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. अक्काचं डोकं ठिकाणावर नाही, दाजी. कधीपासनं बोलते ही असं?"

कधीपासून? मी तर रोज ऐकत होतो. कानात प्राण आणून ऐकत होतो.

महादेवी ताट ढकलून बाहेर धावली. मी मागोमाग. मगदूम उठून उभे राहिले. मी दारातनं यायचा तो स्वयंपाकघरातनं आलो हे त्यांनी बघितलं. महादेवीनं बहिणीचे खांदे धरले, कानडीत काही विचारलं. कस्तुरीनं तिला ओळखलंच नाही. नुसती गोड हसली.

"साखर उतरली असंल," महादेवी म्हणाली. "साखरपाणी आणते."

"थांब," मी म्हणालो. निदान एवढं काम माझं होतं. मशीन आणलं, बोट टोचलं. आकडा तीनशेच्या पुढं गेला होता. साखर उतरलेली नव्हती, चढलेली होती. तिच्या तोंडाजवळ वाकलो तेव्हा श्वासाला वास आला, गोडसर, कुबट, पिकून सडायला लागलेल्या फळासारखा. तो वास गेले कित्येक दिवस घरात होता. मी तो केळ्यांचा समजत होतो, मगदूम आणत त्या केळ्यांचा.

"माझी गाडी काढतो," मगदूम म्हणाले.

त्यांच्या गाडीत बसायची माझी तयारी नव्हती. पण रिक्षा बघायला वेळ कुठला? मागच्या सीटवर कस्तुरीचं डोकं माझ्या मांडीवर, शेजारी महादेवी. आणि मिरजेपर्यंत कस्तुरी पुढच्या सीटकडे बघून बोलत राहिली. मगदूम गाडी चालवत होते आणि मान न वळवता एकेका शब्दात उत्तर देत होते. डोकं माझ्या मांडीवर, बोलणं पुढं. मला त्या माणसाला गाडीतनं खाली ढकलावंसं वाटत होतं, आणि गाडी त्यानं आणखी जोरात न्यावी असंही वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टर आरवाडे म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी कस्तुरीला दोन्ही हात पुढं करायला सांगितलं, "काकी, गाडी थांबवतो ना आपण हात करून, तसे." कस्तुरीला समजेना. मगदूमांनी कानडीत सांगितलं, तेव्हा तिनं हात केले. तळवे समोर, बोटं वर. क्षणभर थांबले, आणि मग ते फडफडायला लागले. मनगटातनं. पाखराच्या पंखासारखे.

"असे हात कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"महिना होईल," मी म्हणालो.

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

मी खाली बघितलं. काय वाटलं ते त्या पोरीला कसं सांगणार?

"शुगरमुळं," शेवटी म्हणालो.

"सगळेच असं समजतात," त्या म्हणाल्या, आणि मला खुर्चीवर बसवून त्यांनी समजावलं. खाल्लेल्या अन्नातून आतड्यात अमोनियासारखं विष तयार होतं. धडधाकट लिव्हर ते मारून टाकतं. कस्तुरीचं लिव्हर ते मारत नव्हतं, म्हणून ते रक्तातून मेंदूत चढत होतं. "मधुमेहानं आतडी सुस्त होतात, काका. पोट साफ होत नाही, विष आत साठून राहतं. त्यात यांना लघवीला जंतू झालेत, तेही साखरेमुळंच. लिव्हर गेलेल्या माणसाला मधुमेह असला की डोक्यावर परिणाम व्हायची भीती जास्त. आणि घरचे म्हणतात, शुगर आहे, उतरेल."

"बरी होईल?"

"विष उतरलं की डोकं साफ होतं. पण उशीर झालाय. आजची रात्र बघू."

रात्रीपर्यंत ती बोलायचीही थांबली. डोळे मिटले ते उघडेनात. चिमटा काढला तरी नुसती कण्हायची. सलाइन, इंजेक्शनं, आणि पोट साफ करायचं ते पातळ गोड औषध, नळीतनं. पुढचे दोन दिवस मी कॉटशेजारच्या स्टुलावर होतो. मध्येच ती ग्लानीत कानडीत बरळायची. मिरजेच्या दवाखान्यात निम्म्या नर्सा कानडी मुलखातल्या. एक नर्स चादर बदलता बदलता तिला उत्तर द्यायची. माझ्या बायकोचं बोलणं त्या वॉर्डात झाडूवालीपासून सगळ्यांना कळत होतं, मला सोडून. मी त्या नर्सवरसुद्धा जळलो.

मगदूम बाहेरच्या बाकावर बसून असायचे. मी दोनदा सांगितलं, "तुम्ही जावा आता."

"बसतो," ते म्हणायचे.

तिसऱ्या सकाळी मी डुलकी काढत होतो. माझ्या गुडघ्याला कुणीतरी हात लावला.

"अहो," कस्तुरी म्हणाली, मराठीत. "दाढी का नाही केली?"

मी रडलो. वॉर्डात सगळ्यांच्या देखत रडलो. ती घाबरून बघत राहिली. तिला त्या महिन्यातलं काहीच आठवत नव्हतं. आपण मिरजेत का आहोत हेही नाही.

डॉक्टर येऊन गेल्या, महादेवी बहिणीचे केस विंचरायला बसली, तेव्हा मी बाहेर आलो. मगदूम बाकावर होते. शर्टाची इस्त्री मोडली होती, दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले. मी त्यांना कँटीनमध्ये नेलं. चहा आला. त्यांनी घोट घेतला नाही.

"शेडगे," ते म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी स्वयंपाकघरातनं आलात. का, ते मला कळलं."

मी कप उचलून एक घोट घेतला.

"वहिनी भलतंसलतं बोलतात हे मला पहिल्यापासनं दिसत होतं. वाटलं, शुगरनं होत असंल, तुम्हाला ठाऊकच असणार. नवरा शेजारी बसलेला, मी कशाला तोंड उघडू? आणि दुसरं एक होतं. ते सांगायची मला लाज वाटत होती."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"वहिनी मला अण्णा म्हणायच्या. पुढं 'री' म्हणायला लागल्या. 'री' आम्ही कुणालाही मानानं लावतो, पण बाई नुसतं 'री' अशी हाक मारते ती नवऱ्याला. तुमच्यात 'अहो' म्हणतात ना, तसं." त्यांनी घसा साफ केला. "त्या मला तुम्ही समजत होत्या, शेडगे. म्हशीचं, विहिरीचं झालं की मध्येच एकदम नीट बोलायच्या. विचारायच्या, 'एल्लि होगिद्री?' कुठं गेला होता? इतके दिवस कुठं होता? मी म्हणायचो, 'ना इल्ले अदीनि.' मी इथंच आहे. की त्या हसायच्या. म्हणायच्या, बघा, आलं की तुम्हाला माझं बोलणं. एवढी वर्षं येत नाही म्हणून फसवत होता होय मला."

कँटीनमध्ये भांड्यांचा आवाज होता. मला तो ऐकू येत होता, आणि दुसरं काही नाही.

"मी नाही कसं म्हणायचं?" मगदूम म्हणाले. "एवढी खुश व्हायची बाई. म्हणून मी तुम्ही होऊन उत्तरं देत बसलो. तुमच्या समोर. तुमची माफी मागायला पाहिजे मी."

मला वाटलं होतं, खरं कळलं की जीव थंड होईल. झालं उलटंच. आधी मी मगदूमवर जळत होतो तो नुसता अंदाजानं. आता कारण हातात आलं. आयुष्यभरात ती माझ्यासाठी एकदाच अशी फुलून आली, आणि ते सगळं गेलं दुसऱ्याच्या कानात. माझ्या वाटचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, माझ्या वाटची उत्तरं त्यानं दिली होती. आणि तो माझी माफी मागत होता!

"ते वाक्य पुन्हा म्हणा," मी म्हणालो.

"कुठलं?"

"उत्तराचं."

"ना इल्ले अदीनि."

मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "इल्ले जरा लांबवा. इल्लेऽ." पुन्हा म्हटलं. चहा निवून गेला तरी आम्ही दोघे म्हातारे त्या टेबलावर तेच करत बसलो होतो.

कस्तुरी घरी आली. ते गोड औषध रोज घ्यायचं, पोट दिवसातनं दोनतीनदा साफ झालंच पाहिजे, झोपेची वेळ उलटी झाली किंवा हात फडफडले की ताबडतोब दवाखाना. साखरेचं औषध बदललं, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आलं. तिला औषध मोजून द्यायचं काम मी कुणाला करू दिलं नाही, महादेवीलाही नाही. ती पुढं तीन वर्षं होती, आणि डोक्यानं शेवटपर्यंत साफ होती.

महादेवी मुधोळला परत गेली त्या संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. समोर मगदूम पाइप धरून झाडांना पाणी घालत होते. कस्तुरीनं औषधाचं टोपण तोंडाला लावलं, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाली, "मला त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही हो. एवढंच वाटतं, कुणीतरी माझ्याशी कानडी बोलत होतं. खूप बरं वाटत होतं. कोण होतं?"

मगदूमांच्या हातातला पाइप एका जागी थांबला. त्यांनी ऐकलं होतं.

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही?" ती हसली. "तुम्हाला कुठलं येतंय कानडी?"

मी तिच्याकडे वळून बसलो. "ना इल्लेऽ अदीनि."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. टोपण तिनं हळूच पायरीवर ठेवलं.

"परत म्हणा."

मी परत म्हटलं.

मग ती बोलायला लागली. सावकाश, खाली बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. ते बरळणं नव्हतं. वाक्याला वाक्य लागत होतं, ते मला न कळताही कळत होतं. बराच वेळ बोलली. मध्ये एकदा डोळे पुसले, एकदा माझ्या हातावर चापट मारली. मला त्यातला एक शब्द समजत नव्हता. ती थांबली की मी "हं" म्हणत होतो.

समोर मगदूमांनी नळ बंद केला. पाइप तसाच टाकून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

ती काय बोलली त्यातलं थोडंफार तरी त्यांच्या कानावर पडलंच असणार. पुढं कितीतरी दुपारी ते चहाला आले. मी त्यांना ते कधी विचारलं नाही. ते तिनं माझ्याशी बोललेलं होतं.